डांबर, हेलियम आणि भंगलेल्या रेणूंचा उजेड

सन 1896 मध्ये एका रात्री मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास कोणी अज्ञात माणसांनी डांबर फासले, आणि तो पांढराशुभ्र दगड काळा झालेला पाहून सरकारी अंमलदारांची जी धावपळ उडाली तिचे वर्णन जुन्या माणसांच्या तोंडून आमच्या बडोद्यातील दांडिया बाजारात पुष्कळ वर्षे ऐकू येत असे. त्याचे कारण असे की, हा पुतळा मुंबई शहरास नजर केला होता तो बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी. ज्यांनी तो काळा केला ते पुण्याचे चापेकर बंधू होते, ही गोष्ट प्लेग अधिकारी रँड याच्या वधानंतर दामोदर हरी चापेकर यांच्या कबुलीतून उघडकीस आली. आणि कोणाच्याही उपायास दाद न देणारा तो डाग ज्यांनी अखेर आपल्या रसायनविद्येने काढून दिला ते प्रोफेसर त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे आमच्याच पेठेतील कलाभवनाचे पहिले प्राचार्य होते. देणगी बडोद्याची आणि मार्जनही बडोद्याच्या माणसाचे, एवढाच धागा धरून ही कथा सांगितली जाई. मला मात्र तिच्यातील डांबराचे आकर्षण अधिक वाटत आले आहे; कारण त्या काळ्या, चिकट आणि दुर्गंधी पदार्थाच्या पोटात एक असा द्रव दडलेला आहे की, ज्याच्या बाष्पातून वीज खेळविली असता त्याचे रेणू भंगून हिरव्या तेजाने उजळतात, आणि त्या तेजाचा अर्थ लावण्यास मनुष्यजातीला जो दीर्घ काळ लागला त्याच्या इतिहासात आपल्या मुलखाचाही थोडा वाटा आहे.

कलाभवनाची स्थापना 1890 साली झाली. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी हुजूर हुकुमाने ज्या अनेक संस्था उभ्या केल्या त्यांत या संस्थेचे वैशिष्ट्य हे की, हात आणि बुद्धी यांच्यातील शतकानुशतकांचा सवतासुभा मोडावा, सुताराच्या मुलास भूमिती कळावी आणि पदवीधरास करवत धरता यावी, अशा हेतूने ती निघाली होती. गज्जर हे स्वतः सुतारकी आणि शिल्प यांची परंपरा असलेल्या घराण्यातले, 1863 साली सुरतेस जन्मलेले; बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत असता त्यांनी हा संकल्प महाराजांच्या कानी घातला, आणि शास्त्राचे शिक्षण देशी भाषेतच दिले पाहिजे असा आग्रह धरून त्यासाठी ग्रंथ तयार करविण्याच्या कामासही हात घातला. चित्रकला, शिल्प, यंत्रविद्या यांच्या बरोबरीने रंगकामाची रसायनविद्या हा या शाळेचा मोठा विषय होता. दादासाहेब फाळके मुंबईहून येथे येऊन छायाचित्रणाचे धडे गिरवून गेले ते याच सुरुवातीच्या वर्षांत. आणि गज्जर, कोटिभास्कर व अमीन या तिघांच्या उद्योगातून 1907 मध्ये अलेंबिकचा रासायनिक कारखाना निघाला त्याचेही मूळ याच मंडळींत आहे.

रंगविद्येस त्या काळी एवढे महत्त्व का आले होते हे समजण्यास पुन्हा डांबराकडे वळावे लागते. दगडी कोळशापासून दिव्याचा वायू काढल्यावर जो काळा अवशेष उरे तो यूरोपातील शहरांना प्रथम ब्यादच वाटे. त्याच्या ऊर्ध्वपातनाने बेंझीन मिळते हे 1845 मध्ये हॉफमन यांनी दाखविले (फॅरेडे यांना तेच द्रव्य त्यापूर्वी वीस वर्षे तेलाच्या वायूत सापडले होते), 1856 मध्ये पर्किन यांनी डांबरातील द्रव्यांपासून जांभळा रंग केला, आणि 1868 मध्ये ग्रेबे व लीबरमान यांनी मंजिष्ठेतील ॲलिझरिन हा लाल रंग प्रयोगशाळेत बनविला, तेव्हा आपल्याकडील आल आणि मंजिष्ठ पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या व रंगाऱ्यांच्या पोटावर पाय आला. कलाभवनात डांबरी रंग शिकविले जात ते या आघातावर उतारा म्हणून. सहा कार्बन अणूंचे कडे आणि प्रत्येक अणूस एक हायड्रोजन, अशी बेंझीनची जी आकृती केकुले यांनी 1865 मध्ये मांडली ती त्या वर्गातील फळ्यावर किती वेळा काढली आणि पुसली गेली असेल! परंतु त्या कड्यातून एखादा इलेक्ट्रॉन निसटला तर मागे राहिलेल्या धनभारित रेणूचे काय होते, हा प्रश्न त्या काळी कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. इलेक्ट्रॉनच अद्याप सापडावयाचा होता.

ॲलिझरिन ज्या वर्षी झाले ते 1868 हे वर्ष या इतिहासात फार मोठे आहे. त्या वर्षीच्या जून महिन्यात लंडनच्या एका उपनगरातील आपल्या खाजगी वेधशाळेत विल्यम हगिन्स यांनी एका धूमकेतूचा प्रकाश त्रिकोणी लोलकातून पाहिला, तेव्हा त्यांना सलग सप्तरंगी पट्टा न दिसता तीन तेजस्वी पट्ट दिसले. असे पट्ट आपण पूर्वी कोठे तरी पाहिले आहेत याची त्यांना आठवण झाली. त्यांनी आपल्या जुन्या टिपणांशी ते ताडून पाहिले, नंतर ऑलिफायंट वायूतून, म्हणजे आज ज्यास आपण एथिलीन म्हणतो त्यातून, विजेची ठिणगी पाडून तिचा वर्णपट आणि धूमकेतूचा वर्णपट एकाच दुर्बिणीत शेजारी शेजारी आणले, आणि दोन्हींतील पट्ट जागच्या जागी जुळले. आकाशातील एका भ्रमंती करणाऱ्या पिंडात कार्बन आहे हे अशा रीतीने मेजावरच्या ठिणगीने सिद्ध झाले. मला हा प्रसंग या विद्येचा खरा आरंभ वाटतो, कारण आकाशातला दिवा ओळखावयाचा तर तसाच दिवा आधी घरात पेटवून पाहावा लागतो, ही तिची मुख्य रीत येथे प्रथमच पूर्णपणे दिसते. बडोदे सरकारने 1931 मध्ये श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु नावाचा जो कोश काढला त्यात राज्यकारभाराचा एकेक शब्द इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा आठ भाषांत शेजारी शेजारी मांडलेला आहे. एका भाषेतील खूण दुसरीतील खुणेशी रुजू घालावयाची आणि जुळली तरच अर्थ कायम करावयाचा, हे जे दप्तरातील काम, तेच वर्णपट वाचणारा माणूस करतो. त्याच्या हाती फक्त शब्दांऐवजी रेषा असतात.

हगिन्स यांच्या निरीक्षणास दोन महिने होतात न होतात तोच 18 ऑगस्ट रोजी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहणाची छाया गेली. विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण असा तिचा मार्ग होता आणि त्या मार्गावर पटवर्धनांचे जमखंडी संस्थान येत होते. तेथे त्रिकोणमितीय सर्वेक्षण खात्यातील लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे युरेनस ग्रह शोधून काढणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे नातू, रॉयल सोसायटीने पाठविलेला वर्णपटदर्शक घेऊन उतरले. पावसाळ्याचे दिवस, आभाळात ढगांची ये-जा चालू, पूर्ण ग्रासाचा अवधी पाच मिनिटांहून थोडासाच अधिक. ढग क्षणभर दूर झाला तेवढ्यात चंद्राच्या काळ्या कडेवर उसळलेल्या ज्वालेवर त्यांनी वर्णपटदर्शकाची फट रोखली आणि त्यांना लाल, नारिंगी आणि निळी अशा तीन झगझगीत रेषा दिसल्या. याचा अर्थ या ज्वाला म्हणजे तापलेला, विरळ वायू होय. त्याच वेळी गुंटूरला फ्रेंच ज्योतिर्विद झान्सेन यांनीही त्या पाहिल्या, आणि त्या इतक्या प्रखर असलेल्या पाहून दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांना त्या पुन्हा धरता आल्या. ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी स्वतंत्रपणे तेच साधले. या रेषांतील पिवळ्या-नारिंगी रेषेस प्रथम सोडियमची मानण्यात आले. पुढे बारकाईने मोजता ती सोडियमच्या जागेवर पडत नाही असे दिसून आले आणि पृथ्वीवर अज्ञात असलेल्या एका मूलद्रव्याची ती निशाणी ठरून त्याचे नाव हेलियम पडले. ते मूलद्रव्य रॅमसे यांच्या हाती लागेपर्यंत 1895 साल उजाडले.

कोकणात अशी एक समजूत रूढ झाली आहे की, लॉकियर यांनी 1868 मध्ये विजयदुर्गच्या किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला. त्या किल्ल्याविषयी मलाही अभिमान आहे, तरी इतिहासाची रुजवात घेता असे दिसते की, लॉकियर विजयदुर्गास आले ते तीस वर्षांनंतर, 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी, आणि मेलपोमिनी या आरमारी जहाजावरील खलाशी त्यांच्या मदतीस होते. हेलियमचा पहिला किरण मराठी मुलखात कोणी टिपला असेल तर तो जमखंडीस, आणि त्या बिचाऱ्या गावास याचे श्रेय कोणी देत नाही. 1898 च्या ग्रहणात सोलापूर जिल्ह्यातील जेऊर या लहानशा स्टेशनाभोवती तर तंबूंचे गावच वसले होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला तेथे आपली उपकरणे घेऊन गेले होते, आणि ग्रास लागताना व सुटताना सूर्याच्या कडेवर क्षणमात्र चमकून जाणाऱ्या तेजोरेषांची छायाचित्रे त्यांनी मिळविली. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हेही जेऊरलाच उतरले होते. या कॅम्पबेल यांची गाठ आपल्याला पुढे एकदा पडावयाची आहे.

आता धूमकेतूंकडे परत यावे. 1907 मध्ये डॅनियल यांचा आणि 1908 मध्ये मोरहाउस यांचा धूमकेतू आला, तेव्हा छायाचित्रणाच्या काचा इतक्या सुधारल्या होत्या की, डोक्याचा आणि शेपटीचा वर्णपट वेगवेगळा घेता आला, आणि शेपटीतून हगिन्स यांचे कार्बनचे पट्ट नव्हे तर निळ्या-जांभळ्या भागात जोडीजोडीने असणारे अगदी निराळेच पट्ट मिळाले. ते कोणाचे, हे कोणत्याही दप्तरात नोंदलेले नव्हते. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आल्फ्रेड फाउलर यांनी काचेच्या नळीतील हवा काढता काढता दाब इतका उतरविला की, पूर्वी कोणी वर्णपटासाठी एवढी विरलता वापरली नव्हती, आणि त्या जवळजवळ रित्या नळीत कार्बन मोनॉक्साइडचा अंश ठेवून वीज सोडली. धूमकेतूच्या शेपटीतले पट्ट नळीत उमटले. हॅलेचा धूमकेतू 1910 मध्ये येऊन त्याच्या शेपटीतील सायनोजेनने पृथ्वीवरची माणसे मरणार म्हणून जगभर जो घबराट पसरविणारा प्रवाद उठला, त्याच्या गलबल्यात फाउलर यांचा हा शांत प्रयोग झाकून गेला. परंतु काळाच्या हिशेबात जमेस धरण्यासारखी गोष्ट तीच होती.

ती नळी दाबाच्या बाबतीत एवढी हट्टी का, याचा उलगडा 1920 च्या दशकात झाला. हे पट्ट कार्बन मोनॉक्साइडच्या संपूर्ण रेणूचे नसून त्यातून एक इलेक्ट्रॉन उडून गेल्यावर उरणाऱ्या धन आयनाचे आहेत. असा आयन म्हणजे जणू काही हरवलेला, अतृप्त जीव; वायू थोडा जरी दाट असला तरी तो शेजारच्या रेणूस जाऊन धडकतो, त्याच्याशी देवाणघेवाण करतो आणि आपला प्रकाश बाहेर टाकण्यापूर्वीच आपली अवस्था गमावून बसतो. रेणू जेव्हा प्रकाश देतो तेव्हा त्या प्रकाशात तीन प्रकारच्या हालचालींचा लेखाजोखा उतरतो: इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आला त्याचा, अणू एकमेकांजवळ-लांब हेलकावत होते त्याचा, आणि सबंध रेणू गिरक्या घेत होता त्याचा. पहिल्याने पट्टसमूहाची जागा ठरते, दुसऱ्याने समूहातील पट्ट, तिसऱ्याने पट्टातील जवळजवळ बसलेल्या सूक्ष्म रेषा. आणि या सूक्ष्म रेषांमधील अंतरे मोजली तर अणूअणूंमधील लांबी आणि रेणूचा आकार निघतो. जे कधीच हाती धरता येणार नाही त्याचे माप अशा रीतीने काचेवर उतरते.

या कामात लंडनचे किंग्ज कॉलेज त्या दशकात पुढे होते. कार्बन मोनॉक्साइड आयनाच्या पट्टांच्या आणखी एका समूहास बाल्डे आणि जॉन्सन यांची नावे आहेत. त्यांतील रेनर जॉन्सन हे त्या कॉलेजातले. त्यांच्याबरोबर आर. के. असुंडी यांनी कार्बनच्या उच्च दाबी पट्टांचा अभ्यास 1929 मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला, आणि त्याच वर्षी असुंडींनी स्वतः कार्बन मोनॉक्साइडचा एक नवा पट्टसमूह शोधून काढला तो आजही जगभर असुंडी पट्ट याच नावाने ओळखला जातो. रेणूंच्या प्रकाशाच्या जागतिक दप्तरात हिंदी नाव असे कायमचे दाखल झाले याचे महत्त्व आपल्याकडे शाळेतल्या मुलांना सांगितले जात नाही, ही खंत नमूद केल्यावाचून पुढे जाववत नाही. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील एन. आर. तावडे यांनी जॉन्सन यांच्याबरोबर नायट्रोजनच्या पट्टांच्या तेजस्वितेची मापे घेतली. कोणता पट्ट कितपत उजळ आहे यावरून नळीतील रेणू कोणत्या अवस्थेत किती आहेत हे काढण्याची ही वाट. जॉन्सन पुढे ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेले आणि उत्तरायुष्यात त्यांनी आध्यात्मिक अनुभवांवर ग्रंथ लिहिले. हे वाचताना मला आमच्या पेठेतील अरविंद निवासाची आठवण होते, जेथे राहून श्रीअरविंदांनी बडोदे सरकारची नोकरी करता करता आपल्या पुढील मार्गाची तयारी केली. प्रकाशाचे मापन करणारा आणि प्रकाशाचे ध्यान करणारा हे दोघे मला तितकेसे परके वाटत नाहीत.

असुंडी मायदेशी परतले, अलीगढला आणि नंतर बनारस हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी वर्णपटशास्त्राची परंपरा उभारली आणि अखेरीस मुंबईस अणुऊर्जा खात्याच्या वर्णपट विभागाची धुरा घेतली. बनारसच्या प्रयोगशाळेत बेंझीन आणि त्याच्या वंशातील द्रव्यांचे वर्णपट हा मोठा विषय होता, म्हणजे डांबराच्या पोटातला तोच द्रव. मात्र ते वर्णपट अखंड रेणूंचे. दोन अणूंच्या आयनाची ओळख पटली होती, तीन-चार अणूंची पटण्याच्या मार्गावर होती. परंतु सहा, आठ, बारा अणूंचा सेंद्रिय रेणू, ज्याच्यावर विजेचा आघात होताच त्याचे तुकडे होऊन काजळी बनावी, त्याचा आयन सबंध राहून प्रकाश देईल यावर विश्वास बसणे अवघड होते.

तो विश्वास जर्मन शास्त्रज्ञ हर्मान श्यूलर यांच्या हातच्या कारागिरीने बसला. पोकळ ऋणाग्राची दिवटी बनविणारे म्हणून त्यांचे नाव आधीच झालेले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी एक साधा वाटणारा, पण अत्यंत कौशल्याचा विचार केला: सेंद्रिय बाष्पातून जोराने वीज सोडली तर रेणूंचा चुराडा होतो, तेव्हा प्रवाह अगदी मंद ठेवावा, बाष्प सतत वाहते ठेवावे आणि दिवटीचा जो भाग सौम्य आहे तेथलाच प्रकाश घ्यावा. त्यांच्या नळ्या पाहिल्या तर त्यांत फुंकलेल्या काचेचे, थंड केलेल्या भिंतींचे आणि जोडांचे असे काही गुंफण दिसते की, कलाभवनाच्या शिक्षकांनी ते पाहून हात जोडले असते. या नळीत 1950 च्या सुमारास श्यूलर आणि राइनेबेक यांनी बेंझीनचे बाष्प घातले, तेव्हा हिरव्या रंगाच्या आसपास सुरू होणारा एक सुंदर, सुव्यवस्थित पट्टसमूह दिसला. तो बेंझीनचा नव्हता, कारण बेंझीनचा प्रकाश अतिनील भागात पडतो. दुसरी अनेक द्रव्ये घातली तरी तोच पट्टसमूह पुन्हा पुन्हा दिसे, म्हणजे निरनिराळे रेणू मोडून अखेर एकच काही तरी तयार होत होते. त्याचा मालक सापडेना, म्हणून त्यांनी त्यास नुसते टी हे अक्षर दिले.

मालकाचा पत्ता 1956 मध्ये कॅलोमन यांनी लावला. अधिक पृथक्करणाच्या यंत्राने पट्टांतील सूक्ष्म रेषा सुट्या करून त्यांनी मोजल्या, तेव्हा रेषांची अंतरे, त्यांचे एकाआड एक गडद-फिके होणे आणि पट्टांचे दुहेरीपण यांवरून असे निघाले की, हा रेणू दांडीसारखा सरळ आहे, दोन्ही टोकांनी सारखा आहे आणि त्यातील इलेक्ट्रॉनांची संख्या विषम आहे. चार कार्बन एका रांगेत आणि दोन्ही टोकांस एकेक हायड्रोजन, असा जो डायॲसिटिलीन, त्याचा हा धन आयन. बेंझीनचे सहा कार्बनांचे कडे विजेने फुटून त्यातून चार कार्बनांची काडी बनत होती, तिचा एक इलेक्ट्रॉन उडत होता, आणि ती काडी 5068 अँगस्ट्रॉमच्या जवळ आपला पहिला हिरवा पट्ट टाकीत होती. बहुअणुक सेंद्रिय आयनाचा वायुरूपातला प्रकाश त्याच्या स्वतःच्या सूक्ष्म रेषांसह वाचला गेला तो असा. मला या शोधातील सर्वांत हृद्य भाग वाटतो तो हा की, श्यूलर यांनी जे पाहिले त्यास उत्साहाच्या भरात खोटे नाव दिले नाही. अक्षर देऊन ते पुढच्या माणसाकडे सोपविले, आणि पुढच्या माणसाने ते अक्षर आपल्या निबंधाच्या शीर्षकात आदराने कायम ठेवले.

त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे या क्षेत्रात फारशी हालचाल झाली नाही. अडचण नळीची नव्हती. कोठे पाहावयाचे हेच ठाऊक नव्हते. इलेक्ट्रॉन गेलेल्या रेणूच्या पायऱ्या कोणत्या उंचीवर आहेत हे कळल्यावाचून त्याचा प्रकाश कोणत्या रंगाचा असेल हे सांगता येत नाही, आणि आंधळेपणाने शोधावे तर नळीतील शेकडो तुकड्यांच्या गर्दीत तो हरवतो. येथे जमखंडीच्या त्या नारिंगी रेषेचा मालक, हेलियम, पुन्हा प्रवेश करतो. हेलियमच्या दिव्यातून 584 अँगस्ट्रॉमचा एक अतिशय शुद्ध आणि प्रखर अतिनील किरण निघतो. त्याच्या एकेका कणाची ऊर्जा 21.22 इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, आणि बहुतेक सेंद्रिय रेणूंतून इलेक्ट्रॉन उपटण्यास त्याच्या निम्मीही पुरते (बेंझीनला सुमारे 9.24). लंडनमध्ये टर्नर यांनी 1960 च्या दशकाच्या आरंभी हा किरण वायूवर सोडून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा वेग मोजण्यास सुरुवात केली. किरणाने दिलेल्या रकमेतून इलेक्ट्रॉन जेवढी घेऊन गेला ती वजा केली की, मागे आयनात किती शिल्लक राहिली हे निघते. अशा जमाखर्चातून आयनाच्या एकेका पायरीची उंची थेट वाचता येऊ लागली. डायॲसिटिलीनच्या आयनाच्या पहिल्या दोन पायऱ्यांतील अंतर 2.45 इलेक्ट्रॉन व्होल्ट भरले, आणि ते 5068 अँगस्ट्रॉमच्या हिरव्या प्रकाशाशी तंतोतंत जुळले. कॅलोमन यांच्या निवाड्यावर हेलियमने शिक्कामोर्तब केले.

या नकाशाचा उपयोग स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे जॉन मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात मोठ्या चिकाटीने केला. नळीऐवजी त्यांनी निर्वात कोठीत वायूची बारीक फवार सोडून तिच्यावर मंद ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा झोत आडवा टाकला, त्यामुळे आयन एकमेकांस धडकण्यापूर्वीच प्रकाश देऊन मोकळे होत. या रीतीने एकामागून एक सुमारे शंभर सेंद्रिय आयनांचा उजेड टिपला गेला: निरनिराळी हॅलोजने जोडलेली ॲसिटिलिने, लांब साखळ्यांची पॉलिॲसिटिलिने, फ्लोरिन जोडलेली बेंझिने. याच सुमारास फ्रान्समध्ये ओर्से येथे सिडनी लीच यांचा गटही या फ्लोरिनयुक्त आयनांच्या मागे होता.

येथे एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. खुद्द बेंझीनचा आयन मुळीच उजेड देत नाही. त्याच्या कड्यावर एक किंवा दोन फ्लोरिन अणू बसविले तरी तो मुकाच राहतो. परंतु तीन बसविले की तो बोलू लागतो, आणि सहाही जागा फ्लोरिनने भरल्यावर चांगला झळकतो. याचे कारण असे की, उत्तेजित आयनाजवळ आपली जास्तीची ऊर्जा खर्च करण्याचे तीन मार्ग असतात: तुकडे होऊन जाणे, आतल्या आत कंपनांत ती विरघळवून टाकणे, किंवा प्रकाशरूपाने देऊन टाकणे. पहिले दोन मार्ग इतके शीघ्र असतात की, एका सेकंदाच्या कोट्यंशाच्या आसपास लागणाऱ्या प्रकाशाच्या मार्गाची बहुधा पाळीच येत नाही. बेंझीनच्या आयनात वरच्या दोन पायऱ्या एकमेकींत गुंतलेल्या असून त्या गुंत्यातून ऊर्जा आतल्या आत झिरपून जाते. फ्लोरिन त्यांतील एक पायरी पुरेशी वर ढकलतो, गुंता सुटतो, आणि मग उजेडाखेरीज वाट उरत नाही. डांबरातल्या त्या द्रवाने अखंड असताना जगाला रंग पुरविले आणि भंगल्यावर श्यूलर यांच्या नळीत हिरवा दिवा लावला, पण नुसता एक इलेक्ट्रॉन गमावून सबंध राहिला असता तो काळोखच पत्करतो, हे मला त्याच्या स्वभावातले एक गूढ वाटत आले आहे, आणि त्याचे कारण समजल्यावरही ते गूढ पुरते गेले असे म्हणवत नाही.

आकाशाशी रुजू घालण्याचा क्रम मध्यंतरी चालूच होता. 1973 च्या अखेरीस कोहूटेक धूमकेतू आला, तेव्हा त्याच्या शेपटीतील तांबड्या भागातल्या अनोळखी रेषा पाण्याच्या आयनाच्या आहेत हे ठरविता आले, कारण ओटावा येथे ल्यू आणि हायबर यांनी त्याच वर्षी तो वर्णपट प्रयोगशाळेत घेऊन ठेवला होता. फाउलर यांना शेपटी आधी मिळाली व नळी मागाहून पेटली. येथे नळी आधीच पेटून तयार होती.

परंतु एक जुने देणे तसेच बाकी होते. 1919 मध्ये लिक वेधशाळेत, जेऊरला येऊन गेलेले कॅम्पबेल तिचे संचालक असताना, मेरी ली हेगर या तरुण संशोधिकेला दूरच्या ताऱ्यांच्या प्रकाशात काही पुसट, रुंद काळे पट्ट आढळले. ते ताऱ्याचे नव्हते. मधल्या पोकळीतील कोणत्या तरी द्रव्याने प्रकाश गिळल्याच्या त्या खुणा होत्या. पुढे अशा खुणा शेकड्यांनी सापडल्या, आणि जवळजवळ एक शतक त्यांतल्या एकीचेही नाव निश्चित झाले नाही. साठ कार्बन अणूंचा चेंडूसारखा रेणू 1985 मध्ये सापडला. 1994 मध्ये फॉइंग आणि एरेनफ्रॉइंड यांनी 9577 आणि 9632 अँगस्ट्रॉमजवळचे दोन पट्ट दाखवून ते या चेंडूच्या धन आयनाचे असावेत असे सुचविले. पण वायुरूपातल्या, अगदी थंड अशा आयनाचा वर्णपट हाती नसल्यामुळे मुकदमा निकालाविना पडून राहिला. येथे उत्सर्जन उपयोगाचे नव्हते, शोषण मोजावयाचे होते, आणि पिंजऱ्यात कोंडलेले आयन इतके थोडे असतात की, त्यांनी गिळलेला प्रकाश सरळ मोजणे अशक्यच.

बाझेलला मायर, गेर्लिख, कॅम्पबेल आणि होल्ट्स यांनी 2015 मध्ये यावर उपाय काढला. (हे कॅम्पबेल अर्थात दुसरे.) त्यांनी ते चेंडू-आयन विद्युत् क्षेत्रांच्या पिंजऱ्यात धरले आणि निरपेक्ष शून्याहून सहा अंशांच्याही आत, म्हणजे उणे 267 सेल्सिअसच्या आसपास, थंड केले. त्या थंडीत पिंजऱ्यातील हेलियमचा एकेक अणू एकेका आयनास येऊन चिकटे. मग अवरक्त प्रकाशाचा लेसर हळूहळू एकेका तरंगलांबीवरून सरकवीत नेला. जेथे आयनाने प्रकाश गिळला नाही तेथे हेलियम चिकटूनच राहिला. जेथे गिळला तेथे त्या उष्णतेने तो अणू सुटून पडला, आणि हेलियमची जोड असलेल्या आयनांची संख्या घटली. ती दोन ठिकाणी ठळकपणे घटली: 9577 वर, आणि 9632 वर.